शेवटच्या मिनिटाची बोली: ऑनलाइन लिलावाचे नियम आणि त्यामागचं अर्थशास्त्र

२००० सालच्या सुमारास अमेरिकेत जुना कॉम्प्युटर किंवा एखादी पुरातन वस्तू ऑनलाइन लिलावात घ्यायची, तर ईबे आणि ॲमेझॉन या दोन मोठ्या जागा होत्या. ॲमेझॉनही तेव्हा लिलाव चालवायचं, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९९९ मध्ये सुरू केलेला तो उद्योग पुढे गुंडाळला गेला. दोन्हीकडे माल साधारण सारखा, बोली लावायची रीतही जवळपास तीच. फरक होता तो लिलाव संपवण्याच्या नियमात. ईबेवर जाहीर केलेली वेळ झाली की लिलाव बंद, मग कुणी त्या क्षणी आकडा टाइप करत असो की नसो. ॲमेझॉनवर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत पुढे सरकायची. सलग दहा मिनिटं एकही नवी बोली पडली नाही, तरच लिलाव संपायचा.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या नोंदी गोळा केल्या आणि शेवटची बोली नेमकी कधी पडते ते मोजलं. त्यांचा निबंध २००२ मध्ये छापून आला. ईबेवर कॉम्प्युटरच्या ४० टक्के आणि पुरातन वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती. ॲमेझॉनवर हेच प्रमाण दोन्ही प्रकारच्या मालात ३ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याहून गमतीची गोष्ट वेगळीच आहे. ईबेवर माणूस जसजसा मुरतो तसतसा तो बोली उशिरा लावायला लागतो. ॲमेझॉनवर मुरलेला माणूस उलट लवकर लावतो. तेव्हा याला माणसाची चालढकल म्हणून सोडून देता येत नाही. दोन्हीकडची माणसं अनुभवातून शिकतच होती, फक्त दोन ठिकाणचे नियम त्यांना उलटे धडे देत होते.

लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माणसं येतात: हट्टाला पेटलेला खरेदीदार, बेरकी व्यापारी, हातोडा आपटणारा लिलाववाला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ऑनलाइन बाजारांवर जे संशोधन झालं, त्याने लक्ष माणसांवरून नियमांकडे वळवलं. वेळ कशी संपते, जिंकणाऱ्याने कोणाचा आकडा भरायचा, कोणाची बोली कोणाला दिसते, शेरा कोण कोणाला देऊ शकतो, अशी वरवर कारकुनी वाटणारी कलमं भाव ठरवतात. आणि ती कुणीतरी खोलीत बसून लिहिलेली असतात.

जिंकतो एक, आकडा भरतो दुसऱ्याचा

ईबे सुरू झालं सप्टेंबर १९९५ मध्ये, ‘ऑक्शनवेब’ या नावाने. संस्थापक पिएर ओमिडयार यांनी तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो गेला १४ डॉलर ८३ सेंटला. मोडक्या लेझर पॉइंटरलाही गिऱ्हाईक असतं, फक्त ते शोधायला सगळं जग धुंडाळावं लागतं. ऑनलाइन लिलावाची मूळ ताकद ती.

पण जगभरातली गिऱ्हाइकं एका वेळी एका खोलीत बसवता येत नाहीत. कुणी झोपलेलं असतं, कुणी कामावर. म्हणून ईबेने वेगळी सोय केली. तुम्ही तुमचा कमाल आकडा एकदाच सांगून ठेवायचा, आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत राहणार.

एका जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं उदाहरण घेऊ. सुरुवात ५०० रुपयांपासून, बोली ५० रुपयांच्या टप्प्याने चढते. सविताताईंनी कमाल ३००० लिहून ठेवले, दुसऱ्या एका गृहस्थांनी २२००. यंत्रणा दोघांच्या बोली चढवत नेईल. २२०० ला गृहस्थ थांबतील आणि कॅमेरा सविताताईंना २२५० ला मिळेल. त्यांचे ३००० कुणाला कळणारही नाहीत. म्हणजे जिंकला सर्वांत मोठा आकडा, पण किंमत ठरवली दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याने.

या रचनेचं गणित अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच मांडून ठेवलं होतं, बंद लिफाफ्यातल्या निविदांच्या संदर्भात. त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल जेम्स मिरलीस यांच्यासोबत जाहीर झालं आणि घोषणेनंतर तिसऱ्या दिवशी ते वारले. व्यवहारात मात्र ही पद्धत त्यांच्याही आधीची. टपाल तिकिटांचे अमेरिकी विक्रेते १८९३ पासून पत्राने आलेल्या बोलींसाठी अशीच रीत वापरत होते, हे डेव्हिड लकिंग-रायली यांनी पुढे जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं.

विक्रींचा मुद्दा असा की या पद्धतीत खरं बोलणंच फायद्याचं असतं. सविताताईंना कॅमेरा खरोखर ३००० चा वाटतो. हुशारी करून त्यांनी २५०० लिहिले तर? समोरचा २२०० वर थांबणार असेल तर किंमत तीच पडणार, काडीचा फायदा नाही. समोरचा २७०० पर्यंत जाणारा असेल तर कॅमेरा हातचा जाईल, आणि जवळपास ३०० रुपयांचा फायदाही. उलट ईर्ष्येने ३५०० लिहिले आणि समोरच्याने ३२०० लिहिलेले निघाले, तर ३००० च्या वस्तूला ३२०० च्या वर मोजावे लागतील. आपल्या आकड्याने आपण जिंकतो की हरतो एवढंच ठरतं. किती द्यायचे ते दुसऱ्याच्या आकड्यावर अवलंबून असतं. म्हणून मनातली खरी किंमत लिहून शांत बसावं.

मग लोक शांत का बसत नाहीत?

सिद्धान्त खरा धरला तर शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाकायला काहीच कारण उरत नाही. सोमवारी लिहिलेले ३००० आणि रविवारी रात्री लिहिलेले ३००० सारखेच. तरी ईबेवर हे ‘स्नायपिंग’, म्हणजे अगदी अखेरीस बोली टाकणं, इतकं बोकाळलं की शेवटच्या क्षणी आपोआप बोली टाकून देणाऱ्या सेवा निघाल्या.

रॉथ-ओकनफेल्स यांनी दिलेली कारणं सावकाश बघण्यासारखी आहेत. पहिलं म्हणजे सगळेच आपला कमाल आकडा एकदम लिहीत नाहीत. नवखा माणूस थोडी बोली लावतो, कुणी मागे टाकलं की परत येऊन थोडी वाढवतो, परत हरला की परत. अशा माणसासमोर लवकर पत्ते उघडणं म्हणजे त्याला चिथावणं. शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाकली तर त्याला परत यायला वेळच उरत नाही.

दुसरं कारण जाणकारांचं. पुरातन वस्तूंमध्ये खरी कोणती आणि नकली कोणती हे ओळखणारे थोडेच. अशा जाणकाराने मंगळवारी एखाद्या लाकडी पेटीवर बोली लावली की बाकीचे ओळखतात, ‘हा माणूस बोली लावतोय म्हणजे पेटी अस्सल आहे.’ जाणकाराची वर्षांची मेहनत फुकटात वाटली जाते. म्हणून तो गप्प बसून शेवटची संधी साधतो. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कोणता आणि मेमरी किती हे वर्णनातच लिहिलेलं असतं, तिथे जाणकारीला तेवढा भाव नाही. ४० आणि ५९ या आकड्यांमधलं अंतर यातून उलगडतं.

तिसरं कारण जरा आडवळणाचं. त्या काळच्या इंटरनेटवर अगदी शेवटी टाकलेली बोली कधीकधी पोहोचायचीच नाही. सगळेच उशिरा बोली लावणार असतील तर त्यांतल्या काही हुकणार, चढाओढ कमी होणार आणि भाव खाली राहणार. कुणी कुणाशी न बोलता झालेला हा एक प्रकारचा संगनमतच. ॲमेझॉनच्या नियमात तिन्ही कारणं गळून पडतात, कारण तिथे ‘शेवटचा क्षण’ नावाची गोष्टच नाही.

कुणी म्हणेल, दोन्हीकडची गिऱ्हाइकंच वेगळी असतील. म्हणून याच दोघांनी डॅन ॲरिएली यांना सोबत घेऊन प्रयोगशाळेत लिलाव मांडले. सहभागी सारख्याच पद्धतीने निवडलेले, बाकी सगळं समान, फक्त संपण्याचा नियम वेगळा. तिथेही तेच दिसलं. फरक घडवायला एकटा नियम पुरेसा होता.

ॲमेझॉनचा नियम शहाणपणाचा असूनही ॲमेझॉनचे लिलाव बंद पडले आणि ईबे टिकलं. विकणारा तिथे जातो जिथे घेणारे जास्त, आणि घेणारा तिथे जिथे माल जास्त. आधी गर्दी जमवलेल्याला चांगल्या नियमाने हरवणं अवघड असतं. पण तो नियम मेला नाही. वर्तमानपत्रात बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या जाहिराती येतात, फ्लॅट किंवा गाळ्याच्या ई-लिलावाच्या. त्यांत वेळेच्या रकान्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं की शेवटच्या काही मिनिटांत बोली आल्यास मुदत तेवढ्याच मिनिटांनी अमर्याद वेळा वाढेल. हा ॲमेझॉनचाच नियम. अशा लिलावात उतरणाऱ्याने शेवटच्या सेकंदाची वाट बघत बसू नये. तिथे उपयोग होतो तो आधी मनाशी पक्क्या ठरवलेल्या आकड्याचा, कारण मुदत वाढत राहते तशी ईर्ष्याही वाढत राहते.

प्रयोगशाळा, पण खऱ्या पैशांची

ईबेच्या आधी लिलावांवर काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाची मोठी अडचण होती. सरकारी तेलक्षेत्राचा लिलाव ‘बघू तरी’ म्हणून दोन वेगवेगळ्या नियमांनी करता येत नाही. इंटरनेटवर ते जमायला लागलं. वस्तू स्वस्त, गिऱ्हाइकं खरी, आणि तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकता येते.

लकिंग-रायली यांनी ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळातली जमवण्याजोगी कार्डं इंटरनेटवर लिलावात काढली. एकाच कार्डाच्या प्रती वेगवेगळ्या पद्धतींनी विकल्या. एक पद्धत उतरत्या भावाची: किंमत वरून खाली येत जाते, पहिल्यांदा ‘मी घेतो’ म्हणेल त्याला वस्तू. हॉलंडमधली फुलं अशीच विकली जातात. दुसरी बंद लिफाफ्याची: सर्वांत मोठा आकडा जिंकतो आणि तोच भरतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे या दोन पद्धतींत काडीचा फरक नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच, ‘इतरांचं काही न कळता मी कितीला हो म्हणू?’ प्रत्यक्षात उतरत्या भावाने साधारण ३० टक्के जास्त पैसे आले. १९९९ मध्ये हे छापून आल्यावर बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या.

तन्जिम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांचा प्रयोग तर आपल्या रोजच्या खरेदीच्या फारच जवळचा आहे. त्यांनी ईबेवर संगीताच्या सीडी विकायला काढल्या. काही लिलावांत सुरुवातीची किंमत ४ डॉलर, पोस्टेज फुकट. काहींत सुरुवात फक्त १ सेंटने, पण पोस्टेज ३ डॉलर ९९ सेंट. बेरीज दोन्हीकडे तीच. तरी दुसऱ्या प्रकारात बोली लावणारे जास्त आले आणि पोस्टेज धरून हातात पडलेली एकूण रक्कमही जास्त झाली. ‘१ सेंटपासून’ वाचून माणूस आत शिरतो, आणि एकदा शिरला की पोस्टेज त्याच्या हिशेबात पुरतं धरलंच जात नाही. पोस्टेज बेसुमार वाढवलं की मात्र ही युक्ती चालेनाशी झाली. ‘डिलिव्हरी चार्जेस वेगळे’ असं शेवटच्या पानावर सांगणाऱ्या ॲपना हे संशोधन वाचायची गरज पडली नसावी.

न पाहिलेला माल आणि अनोळखी माणूस

न पाहिलेला माल घेताना दोन भीती असतात. पहिली आपल्याच अंदाजाची. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल यांनी, एक कडू निरीक्षण नोंदवलं. तेलक्षेत्राचा लिलाव जिंकणाऱ्या कंपन्या कमावत का नाहीत? कारण जमिनीखाली किती तेल आहे याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला. जिंकणं हीच आपण चुकलो असल्याची खूण. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताच्सू यांनी ईबेवरच्या जुन्या नाण्यांच्या लिलावांत हाच शाप तपासला. नाणं फोटोत दिसतं, झीज किती ते नीट दिसत नाही. त्यांना असं आढळलं की बोली लावणारे हा धोका ओळखून हात आखडता घेतात, आणि प्रतिस्पर्धी जास्त असण्याची शक्यता असेल तर आणखी आखडता. सामान्य नाणी जमवणारी माणसं तेल कंपन्यांपेक्षा सावध निघाली म्हणायची.

दुसरी भीती विकणाऱ्याची. पैसे पाठवले आणि वस्तू आलीच नाही तर? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं की खरा-खोटा माल ओळखता येत नसेल तर चांगला माल विकणारा बाजारातून उठून जातो. ईबेवर हे व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण प्रत्येक व्यवहारानंतर शेरा देण्याची सोय. त्या शेऱ्याची किंमत किती? पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या एका नावाजलेल्या विक्रेत्याला हाताशी धरलं. तीच पोस्टकार्डं काही त्याच्या जुन्या खात्यातून विकली, काही नव्याने उघडलेल्या कोऱ्या खात्यांतून. माणूस तोच, माल तोच, पाकीटही तसंच. गिऱ्हाइकांनी जुन्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त मोजले.

या शेऱ्यांतही एक किडा होता. सुरुवातीला दोघंही एकमेकांना शेरा देऊ शकायचे, त्यामुळे वाईट शेरा देणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेता उलट वाईट शेरा देऊन बदला घ्यायचा. परिणाम ठरलेला: लोक गप्प बसायचे, नाहीतर खोटं कौतुक करायचे, आणि वाईट शेऱ्यांचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली. एवढा प्रामाणिक बाजार जगात कुठे नसतो. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्याचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. विक्रेते भडकले. पण दोन्ही बाजूंना सारखा हक्क दिल्याने न्याय होतोच असं नाही, हे त्यातून पुरेसं स्पष्ट झालं.

एवढं सगळं होऊनही ईबेवरचे बहुतेक व्यवहार पुढे ठरलेल्या किमतीवर गेले. सात दिवस वाट बघून बोली लावण्याची मौज लोकांना पुरेशी झाली. भारतात बाझी डॉट कॉम या मुंबईतल्या लिलाव-संकेतस्थळाला ईबेने २००४ मध्ये विकत घेतलं. ते ईबे इंडियाही २०१८ मध्ये बंद झालं. लिलाव मात्र संपले नाहीत, ते नजरेआड गेले.

सेकंदाच्या आत उरकणारे लिलाव

‘गृहकर्ज’ असं सर्चमध्ये टाकलं की वर ज्या जाहिराती येतात, त्यांची जागा त्या क्षणी लिलावात विकली जाते. ही कल्पना १९९८ मध्ये गोटू नावाच्या कंपनीने आणली. तिचंच नाव पुढे ओव्हर्चर झालं. त्यांचा नियम सरळ होता: जास्त बोली त्याची जाहिरात वर, आणि जेवढी बोली तेवढेच पैसे, प्रत्येक क्लिकमागे.

सरळ नियम, पण त्यातून भलताच खेळ उभा राहिला. समजा तिसऱ्या जाहिरातदाराची बोली ४० सेंट आहे. पहिले दोघं वरच्या जागेसाठी भांडतायत. एकाने ४१ लावले की दुसरा ४२ लावतो, मग ४३, ४४... करत आकडा चढत जातो. एका टप्प्यावर एकाच्या लक्षात येतं, एवढे पैसे देऊन पहिलं राहण्यापेक्षा ४१ देऊन दुसरं राहणं बरं. तो धाडकन ४१ वर उतरतो. मग दुसऱ्याला तरी एवढे पैसे देण्याचं कारण काय? तो ४२ वर. आणि चढाई पुन्हा सुरू. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. ही चढ-उतार करायला कंपन्यांनी प्रोग्राम लावले होते, दिवसभर तेच काम.

गूगलने २००२ मध्ये नियम बदलला: तुम्ही भरायचे ते तुमच्या खालच्याच्या बोलीच्या हिशेबाने. करवत बोथट झाली, कारण खालच्यापेक्षा किती वर बोली लावली याने खिशाला फरक पडेना. हे विक्रींच्या लिलावासारखं दिसतं, पण तसं नाही. २००७ मध्ये बेंजामिन एडेलमन, मायकेल ऑस्ट्रोव्हस्की आणि मायकेल श्वार्झ यांनी दाखवलं की जागा एकापेक्षा जास्त असतील तर इथे खरं बोलणं नेहमी फायद्याचं नसतं. दुसऱ्या जागेवर पहिल्याएवढ्याच क्लिक मिळत असतील आणि तिची किंमत निम्मी असेल, तर आकडा मुद्दाम कमी लिहून दुसरं राहण्यात शहाणपण आहे.

आणि मग चाक उलटं फिरलं. २०१९ मध्ये गूगलने इतर संकेतस्थळांवरच्या जाहिरातींच्या लिलावांत पुन्हा ‘जेवढी बोली तेवढे पैसे’ आणलं. एकच जागा एकामागून एक अनेक लिलावांतून जायला लागली होती, तेव्हा एका लिलावातल्या दुसऱ्या क्रमांकाला अर्थच राहिला नव्हता. शिवाय दुसऱ्या क्रमांकाच्या पद्धतीचं जुनं दुखणं होतंच: तो दुसरा आकडा खरंच कुणी लावला होता, हे जिंकणाऱ्याने कुणाच्या शब्दावर मानायचं?

बाजार समितीतला स्क्रीन

या संशोधनाचा आपल्याकडच्या शेतमालाशी थेट संबंध आला तो कर्नाटकात. २०१४ पासून तिथे दीडशेहून अधिक बाजार समित्या एका ऑनलाइन व्यवस्थेला जोडल्या गेल्या. व्यापारी आपली बोली संगणकावर किंवा मोबाइलवर टाकतो, ती इतरांना दिसत नाही, ठरल्या वेळी सर्वांत मोठा आकडा जिंकतो. एमआयटीतले रेत्सेफ लेवी आणि यानचोंग झेंग, त्यांचे सहकारी सोम्या सिंघवी आणि कर्नाटकच्या या व्यवस्थेशी संबंधित मनोज राजन यांनी तिचा परिणाम मोजला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: भाताचा सर्वसाधारण दर ५.१ टक्के वाढला, भुईमुगाचा ३.६ आणि मक्याचा ३.५. कापूस, मूग आणि तूर यांच्या भावात मात्र ठाम म्हणावा असा फरक पडला नाही.

५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण बियाणं, खत, मजुरी, वाहतूक, हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हातात उरतंच किती? खर्च तोच असल्याने भावातली सगळी वाढ थेट नफ्यात पडते. म्हणून याच अभ्यासात नफ्यातली वाढ ३६ ते १५९ टक्के अशी निघाली.

मग याच मंडळींनी डाळींच्या एका मोठ्या बाजारात लिलावाचा नियमच बदलून पाहिला. व्यापाऱ्यांशी बोलून त्यांनी आधी बोली कशा लावल्या जातात ते समजून घेतलं, आणि दोन टप्प्यांचा लिलाव आणला. पहिल्या टप्प्यात नेहमीसारखी गुप्त बोली. मग वरच्या काही जणांना कळवलं जातं की तुम्ही पुढच्या फेरीत आहात, आकडा वाढवायचा असेल तर आता वाढवा. कमाल आकडा आधीच सांगून टाकायला तयार नसणारा व्यापारी, माल हातात येतोय असं दिसलं की दोन पैसे वर जातो. ईबेवर परत परत येणारा तो नवखा माणूस आठवा. ईबेवरचे जाणकार त्याला परत यायला वेळ मिळू नये म्हणून धडपडत होते, इथे शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून त्याला मुद्दाम परत बोलावलं. भाव काही टक्क्यांनी वाढले.

महाराष्ट्रात शेतमालाच्या ऑनलाइन लिलावांसाठीच्या केंद्राच्या ई-नाम योजनेत शंभराहून अधिक बाजार समित्या आहेत. योजना १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाली. कांद्याचा उघडा लिलाव ज्याने लासलगावात पाहिला असेल त्याला स्क्रीनवरच्या लिलावाची अडचण लगेच कळेल. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कुणी दोन-चार कांदे उचलून दाबून बघतो, साल बघतो, बोली होते, घोळका पुढे. हे सगळं इतकं झटपट होतं की शेतकऱ्याला भाव पटला नाही हे म्हणायलाही वेळ पुरत नाही. पण व्यापाऱ्याने माल हाताळलेला असतो. हीच ट्रॉली परराज्यातल्या व्यापाऱ्याला स्क्रीनवर दाखवली तर त्याला दिसतो फक्त फोटो आणि प्रतवारीचा दाखला. दाखल्यावर त्याचा विश्वास नसेल तर जुन्या नाण्यांसारखंच होणार, तो हात आखडता घेणार किंवा बोलीच लावणार नाही. मग स्क्रीनवर उरतात तेच चार जण जे एरवी घोळक्यात असतात.

आणि चार जण असले की संगनमताला स्क्रीन अडवत नाही. १९९९ मध्ये जर्मनीत मोबाइल लहरींच्या लिलावात नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा किमान १० टक्क्यांनी जास्त असावी असा नियम होता. मानेसमान कंपनीने पहिल्या पाच गटांवर दर मेगाहर्ट्झमागे १८.१८ दशलक्ष मार्क अशी बोली लावली आणि उरलेल्या पाचांवर २०. १८.१८ वर १० टक्के चढवले की २० होतात. प्रतिस्पर्धी टी-मोबिल समजून गेली: हे पाच तुम्ही २० ला घ्या, ते पाच आम्ही २० ला घेतो. तसंच झालं आणि लिलाव तिथेच आटोपला. फोन नाही, बैठक नाही, दोन आकड्यांत व्यवहार. आपल्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, त्याला तरी निदान हात हातात घ्यावा लागायचा.

जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलेला एक निष्कर्ष मला म्हणून फार मोलाचा वाटतो. काही साध्या गृहीतकांवर त्यांनी दाखवलं की विकणाऱ्याने कितीही विचारपूर्वक राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायचीच नाही ती) ठरवली, तरी त्याहून जास्त फायदा बोली लावणारा एक जादा माणूस आला तर होतो. कांद्याच्या बाबतीत तो जादा माणूस आणायचा तर बाजार समितीच्या आवारात प्रतवारीची चोख व्यवस्था लागेल, एका परवान्यावर राज्यभर खरेदी करता यायला हवी, पैसे वेळेवर आणि खात्यात जमा व्हायला हवेत, आणि माल दाखल्याप्रमाणे निघाला नाही तर तंटा सोडवणारा कुणीतरी हवा. दोन टप्पे करायचे की एक, बोली उघडी ठेवायची की झाकलेली, हे त्यानंतर.